बोअर्डची खुर्ची

माझे भाऊजी इंग्रजी शिकवतात. म्हणजे ते तसं म्हणतात. माझं झेरॉक्सचं दुकान तळमजल्यावर आणि त्यांचा क्लास बरोबर डोक्यावर, त्यामुळे माझंही शिक्षण फुकटात चालू आहे. मशीन गरम होईपर्यंत त्यांचा आवाज येतो, गरम झाल्यावरही येतच राहतो. गिऱ्हाईक विचारतं, वर भांडण चाललंय का. मी सांगतो, नाही, विशेषणं चालली आहेत.

क्लासला येणारी सगळी मोठी माणसं. दवाखान्यातली नर्स, एक टॅक्सीवाला, कपड्यांच्या दुकानातल्या मुली. सगळ्यांची रड एकच. म्हणायचं असतं 'मला कंटाळा आलाय' आणि म्हणतात 'आय ॲम बोरिंग'. त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे कंटाळा पाहुण्यासारखा येतो, बसतो आणि जातो. कुणी आणला ते कुणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र आधी चौकशी. कंटाळा आणणारा बोरिंग, कंटाळलेला बोअर्ड. दमवणारा टायरिंग, दमलेला टायर्ड.

भाऊजींनी यावर दोन खुर्च्यांचा तोडगा काढला. हातांची लाकडी खुर्ची बोरिंगची, तिच्यासमोरची प्लास्टिकची बोअर्डची. लाकडीवर बसणाऱ्याने मनातलं काहीही सांगायचं, मराठीतही चालतं. समोरच्याने ऐकायचं आणि मग स्वतःला काय वाटलं ते इंग्रजीत एका वाक्यात सांगायचं. नंतर खुर्च्या बदलायच्या. नियम एकच, तो भाऊजी रोज खडूने फळ्यावर लिहितात: प्लास्टिकच्या खुर्चीतलं वाक्य खरं हवं. टॅक्सीवाल्याने सासुरवाडीची हकिकत रंगवून सांगितली आणि नर्स 'आय ॲम बोअर्ड' म्हणाली, तरी टॅक्सीवाल्याने तोंड पाडायचं नाही. वाटलेलं कधी चूक नसतं, असं भाऊजी म्हणतात. मला अगदी गहिवरून आलं असतं, पण मी अधूनमधून त्यांच्या घरी जेवतो.

घरी हा नियम लागू नव्हता. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, दिवसभराचं आटपून ताटावर बसायची आणि म्हणायची, दमले बाई. भाऊजी म्हणायचे, इंग्रजीत सांग. तिने सांगितलं की चूक काढायचे. एकदा ती म्हणाली, मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर खायला उठतं. त्यावर भाऊजींनी तिला एकटेपणाचे इंग्रजी शब्द सांगितले, कुठला कुठे वापरायचा त्याच्या उदाहरणांसकट. मला असा राग आला की ताट सरकवून उठलो. उठून करणार काय, मूग गिळून हात धुतले.

गेल्या उन्हाळ्यात ताईने परगावच्या एका मुलींच्या वसतिगृहात रेक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. तिने काही लपवलं नाही. नवऱ्याला जेवताना सांगितलं, तेही इंग्रजीत. त्यांनी वाक्यातला काळ दुरुस्त केला आणि मीठ मागितलं. मुलाखत इंग्रजीतच असणार म्हणून ती त्यांच्याच क्लासला जाऊन मागच्या रांगेत बसू लागली. भाऊजींना वाटलं, उशिरा का होईना, बायकोला आपली किंमत कळली. त्या दिवसांत ते शीळ घालत जिना चढायचे.

ताईची निवड झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आदल्या आठवड्यात ती दुकानात आली आणि मशीनला टेकून उभी राहिली. जायचं तर नक्की होतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारातून जाताना नवऱ्याने आपलं म्हणणं एकदा तरी ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

"घरी सांगितलं तर परत चूक काढतील," ती म्हणाली. "वरच सांगते. वर नियम आहे."

मी शटर अर्धं ओढलं आणि तिच्या मागोमाग जिना चढलो. गंमत बघायला, खोटं कशाला बोलू.

ताई सरळ लाकडी खुर्चीत जाऊन बसली. समोर नर्स बसायला निघाली, तिला ताईने हातानेच थांबवलं आणि भाऊजींना म्हणाली, तुम्ही बसा. शिक्षक बसत नसतो, भाऊजी म्हणाले. खरंच, ते आजवर कुठल्याच खुर्चीत बसले नव्हते. पण सगळा क्लास त्यांच्याकडे बघत होता आणि फळ्यावर अक्षर त्यांचंच होतं. बसले बिचारे.

ताई मराठीत बोलली. नोकरी लागली, सोमवारी निघते, राहायला खोली तिथेच आहे, सुट्टीत येईन.

"मी बोलते तेव्हा तुम्ही माझं वाक्य ऐकता," ती म्हणाली. "मला ऐकत नाही. तिथे पोरी निदान दार वाजवून काहीतरी सांगायला येतील."

भाऊजी खाकरले. मग फळ्याकडे बघत म्हणाले, "दिस न्यूज इज सरप्राइझिंग."

वाक्य बिनचूक होतं. टॅक्सीवाला हळूच म्हणाला, "सर, ते बातमीचं झालं. तुम्हाला काय वाटलं ते सांगायचंय."

या दिवसाची मी किती वर्षं वाट बघत होतो. हसू यायला हवं होतं, आलं नाही. भाऊजींच्या हातातला खडू मोडला, ते तुकडे त्यांनी खिशात ठेवले. जगाच्या भावनांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला स्वतःपुरता एक शब्द सापडेना. शेवटी मराठीतच म्हणाले, "मला भीती वाटतेय. घरी कुणी नसेल."

नियमाप्रमाणे इंग्रजीत हवं होतं. पण कुणी चूक काढली नाही.

ताईने डोळे पुसले. मला वाटलं, झालं, विरघळली, आता सोमवार बोंबलला. ती उठली आणि म्हणाली, आता खुर्च्या बदला, तुम्ही बोला, मी ऐकते. मग भाऊजी लाकडी खुर्चीत बसून बोलत राहिले. क्लास सुटायची वेळ टळली तरी कुणी हललं नाही. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, निम्मं तर दाढदुखीबद्दल होतं. ताईने शेवटपर्यंत ऐकलं आणि नियमाप्रमाणे खरं वाक्य टाकलं, "आय ॲम बोअर्ड."

भाऊजींनी तोंड पाडलं नाही.

सोमवारी ती गेली. बॅग भाऊजींनीच उचलली आणि वाटेत तीनदा खाली ठेवली. आता रोज क्लास सुटला की ते माझ्या दुकानात येतात, स्टुलावर बसतात आणि तिला फोन लावतात. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर, म्हणजे माझं शिक्षण अजून चालूच. आधी ती सांगते, मग हे सांगतात, मग तिचं वाक्य. बहुतेक दिवस ती बोअर्डच असते. हे थँक यू म्हणतात आणि उद्या किती वाजता मोकळी आहेस ते विचारतात.

परवा वसतिगृहात मुलींची भांडणं झाली आणि ती दिवसभर त्यातच अडकली. सांगता सांगता तिचा आवाज बसला. घाईत इंग्रजीतलं एक वाक्य चुकलंही, ते माझ्यासुद्धा लक्षात आलं. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, "आय ॲम वरीड," म्हणाले, आणि पाठोपाठ मराठीत विचारलं, "जेवलीस का?"