दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

आमच्या आत्याला एका विजेच्या मीटरने घरात कोंडलं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत.

आजोबा गणिताचे मास्तर. घरातला वाद त्यांनी कधी चार माणसांसारखा बोलून मिटवला नाही. समोर दिसेल त्या आकड्यावर सोपवला. अवयव पडले तर एकाचं खरं, संख्या मूळ निघाली तर दुसऱ्याचं. मूळ म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कुणालाच भाग न जाऊ देणारी, हट्टी. आजोबांना अशा संख्या फार आवडत. स्वभाव जुळत असावा.

आजी गेली आणि पाठोपाठ आजोबांचे पाय गेले. माझे वडील तोवर वेगळे राहत होते. नेमकी तेव्हाच आत्याला दुसऱ्या गावच्या वेधशाळेत गणकाची नोकरी लागली.

"जाऊ का, बाबा?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार." खाटेसमोर भिंतीवर मीटर होता, नंबर १०२२११७. "अवयव पडले तर खुशाल जा, माझ्यासाठी बाई लावू. मूळ निघाली तर थांब."

आत्या कामाला लागली. आजोबांची अंघोळ, औषधं, चादरी, आणि मधे सापडेल तेवढ्या वेळात भागाकार. सात, अकरा, तेरा. घरातला मूळ संख्यांचा तक्ता ९९७ला संपत होता. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, त्यापुढे तपासायची गरज नाही, असं तिने धरलं. वरचे बावीस हजार तिने सोडूनच दिले. दमली होती बिचारी. ९९७नेही बाकी उरली, तेव्हा तिने कागदांचा गठ्ठा आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ चाळला.

"बरोबर आहे," म्हणाले.

आत्याने नोकरीला नकार कळवला. माझी शाळा संपली, लग्न झालं, मुलं झाली. तिचं जग खाट ते स्वयंपाकघर एवढंच राहिलं. कुठे चल म्हटलं की म्हणायची, "बाबांची कूस बदलायची असते रे." मला तिची दया यायची आणि आजोबांचा संताप.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो होतो, तेव्हा मीटर बदलायला माणूस आला. जुना नंबर त्याने मोठ्याने वाचला. त्याचं स्टूल धरून उभी असलेली आत्या सवयीने पुटपुटली, "एक हजार अकराचा वर्ग... त्यात चार कमी." चार हा दोनाचा वर्ग. वर्गातून लगतचा नसलेला वर्ग वजा केला की अवयव पडतातच. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. ९९७नंतरची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ. तिचा एकच भागाकार राहिला होता.

ती खाटेपाशी गेली. "बाबा, ती मूळ नव्हती."

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू कागद दाखवलेस तेव्हापासून. हजाराला तू स्वतःच थांबलीस. मी फक्त पुढे जा म्हटलं नाही."

मला वाटलं, आता तरी ही ओरडेल. तिने घड्याळ पाहिलं, त्यांच्या पाठीखाली हात घातला. "वळा." उशी नीट केली. मग मीटरवाल्याला विचारलं, "नव्या नंबरचा शेवटचा आकडा काय हो?"

"आठ."

"सम आहे. अवयव पडले, बाबा," आत्या म्हणाली, आणि औषधाची वेळ झाली म्हणून पाणी आणायला आत गेली.