इंजिनाचा हिरवा रंग घासून टाकला!

मंडळी, डोकं अजून तापलंय.

रोह्याच्या बागेत नॅरोगेजचं जुनं वाफेचं इंजिन आहे. त्याचा मूळ रंग शोधायला मी एका कोपऱ्यातला रंग थराथराने खरवडला होता. सगळ्यात खाली हिरवा निघाला. आज नेमकी छटा जुळवायला शेडकार्ड घेऊन गेलो, तर अख्खं इंजिन पांढरंफटक! सुशोभीकरणवाल्यांनी पेणच्या गणपती कारखान्यातले रंगारी आणले होते.

"माझा हिरवा तुकडा कुठाय?" मी ओरडलोच.

"तो डाग? तो तर पयलाच घासला," रंगारीदादा म्हणाले. "मूर्ती असो नायतर इंजिन, डागावर पांढरं अस्तर मारत नाय आमी."

तो तुकडा राखायचा हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! वर सुशोभीकरणवाले साहेब हसत विचारतात, "बोला, कुठला हिरवा देऊ?"

शेडकार्ड हातात आहे. तुम्हीच सांगा, जुळवू कशाशी?