नकाशात नसलेली नदी

“मॅडम, इल्लि नदी इल्ला,” नंदिनी म्हणाली. म्हणजे, इथे नदीच नाहीये.

प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. बाकीचे एकवीस जण मान खाली घालून भराभर लिहीत होते आणि ही एकटी नकाशा उलटसुलट फिरवत बसली होती. मी वाकून पुटपुटले होते, “नदीपासून सुरुवात कर.” परीक्षेत शिक्षकाने असं पुटपुटायचं नसतं, ठाऊक आहे. पण पोरगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून, ट्रेनने यायची, निम्म्या प्रॅक्टिकलना गैरहजर, रेकॉर्ड बुक अर्धं कोरं. थिअरीही बेताचीच. प्रॅक्टिकलचे मार्क गेले तर वर्षच गेलं असतं. मला तिची काळजी वाटत होती.

“नीट बघ,” म्हणून मी पुढे गेले. बिचारी, असं मनात आलं.

मी बनशंकरीतल्या एका लहानशा पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, भूगोल शिकवते. बारावीच्या मुलांना टोपोशीट वाचावी लागते. टोपोशीट म्हणजे एखाद्या भागाचा बारीकसारीक तपशील दाखवणारा नकाशा. निळं ते पाणी, हिरवं ते जंगल, लाल ते रस्ते. तपकिरी रेषा म्हणजे कंटूर, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. त्या दाटीने आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की जमीन सपाट. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आमच्याकडे अशी शीट एकच होती. घड्यांवर फाटलेली, जागोजागी सेलोटेप लावलेली. तिच्यातली नदी वायव्येकडून येते, देवळापाशी वळते आणि गाव तिच्या काठाने लांबट पसरलंय. अठरा वर्षं मी हेच शिकवलं. मुलंही गुणी. सीनिअरचं रेकॉर्ड ज्युनिअर सुवाच्य अक्षरात उतरवून काढत.

त्या वर्षी बाहेरून परीक्षक आले ते पाटील सर, मूळचे बेळगावकडचे. माझी शीट बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी बॅगेतून दुसऱ्याच एका शीटच्या कोऱ्या करकरीत प्रती काढून वाटल्या. मुलांनी त्या घेतल्या, बाजूला ठेवल्या आणि लिहायला लागली. काहींनी तर घडीही मोडली नाही. काय हा आत्मविश्वास, म्हणून मी मनातल्या मनात फुगले. घडी मोडून नीट बघितली ती फक्त नंदिनीने.

अर्ध्या तासाने पाटील सर एका बाकापाशी थांबले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं.

“बाई, ही नदी कुठं आहे हो?”

“वायव्येकडून येते सर. देवळापाशी वळते.” मी शीटकडे न बघताच सांगितलं.

“दाखवा की.”

त्यांनी शीट पुढे सरकवली. डोंगर होते, दगडाच्या खाणी होत्या, एक तळं होतं. नदी औषधालासुद्धा नव्हती.

“बरं, देऊळ तरी दाखवा,” सर म्हणाले. त्यांना मजा वाटत होती. मला घाम फुटला होता.

“सर, चूक माझी आहे, आणि मार्क पोरांचे जातील.”

“मार्क तर नकाशात आहे त्यालाच द्यायला पाहिजेत. पण तासभर आहे अजून. तुमचं तुम्हीच सांगा त्यांना.”

वर्गापुढे उभी राहिले तेव्हा लाजेने जीव नकोसा झाला. “लिहिलंय ते खोडा,” मी म्हटलं. “ती नदी या नकाशात नाही, माझ्या डोक्यात आहे. शीट उघडा आणि दिसेल ते लिहा.”

मग कागद उलगडल्याचे आवाज. मग चेतनने हात वर केला. वर्गात पहिला येणारा, सगळ्यात देखणं रेकॉर्ड त्याचंच.

“मॅडम, ब्राउन लाइन्स म्हणजे काय?”

पाटील सर खिडकीकडे तोंड करून हसत होते. पाठमोरे असले तरी खांदे हलताना दिसत होते.

“शीटच्या खाली लिहिलंय. वाच,” मी म्हटलं.

सगळे पास झाले. त्या प्रश्नाला दहापैकी कुणाला पाच, कुणाला सहा. नंदिनीला दहा. रेकॉर्डचे मार्क मात्र मला कापावे लागले, अर्धं कोरं होतं ना. खरं तर ते उतरवून काढलं नव्हतं म्हणूनच पोरगी तरली. मी तिची माफी मागितली. “परवागिल्ला मॅडम,” म्हणाली, चालायचंच अशा सुरात, आणि ट्रेन गाठायला पळाली.

आता दर वर्षी मी नवीन शीट मागवते आणि आधी स्वतः वाचते. वेळ लागतो. एक तोटा मात्र झाला. मुलं वर्गात माझ्याकडे लक्ष देत नाहीत, ही माझी स्टाफरूममधली अठरा वर्षांची तक्रार मला सोडून द्यावी लागली. एकवीस जणांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता.