गुडघ्यावर बसल्याशिवाय नवरंग दिसत नाही

दादा, त्रेसष्ट साली कणकवलीच्या स्टँडवर एसटी सुटताना तू खिडकीशी येऊन जे बोललास, ते मी विसरलेलो नाही. "पाखरां बघून पोट भरना नाय. बागेत तुझा काय काम?" आंब्याची सगळी बाग तू स्वतःकडे ठेवलीस. मी पत्र्याची ट्रंक घेऊन बोरिवलीला उतरलो. आज तुला आणि आपल्या वाडीतून इकडे आलेल्या सगळ्यांना त्याचं उत्तर देतो.

बाजारात मी फणस विकायला बसलो. भाव करून मला हरवणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पण ऐन धंद्याच्या रविवारी सकाळी माझ्या टोपल्या झाकलेल्या असायच्या. नॅशनल पार्कात पक्षी बघणारी शिकलेली मंडळी जमत, त्यांच्या मागून मी चालायचो. उन्हाळ्यात ओढा आटून डबकं उरायचं. काठच्या ओल्या चिखलावर पिवळी फुलपाखरं पंख मिटून दाटीनं बसायची. वर कुड्याचं झाड पांढरंशुभ्र फुललेलं.

तिथं एकदा मी दुर्बिणीकडे हात नेला. त्यांचे म्होरके, एक शाळामास्तर, म्हणाले, "अहो, हात नको! फणसाचा चीक लागेल." सगळे हसले. माझं डोकं सणकलं. खोबरेल लावून, हात घासून आलो होतो मी.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस करवंदीच्या जाळीकडून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ आली. मी जागीच थांबलो. ती ऐकली की आई दरसाल ओरडायची, "नवरंग बोल्लो, लाकडां भितर घेवा!" पाऊस जवळ आला, हे तिला त्यावरून कळायचं. मंडळी मात्र दुर्बिणी लावून झाडांचे शेंडे धुंडाळत होती.

मी म्हणालो, "मास्तर, दाखवतो. पण दुर्बीण आधी माझ्या हातात. आणि तुमच्या नोंदवहीत पक्ष्यापुढं माझं नाव."

"हा काय भाजीबाजार आहे?"

"मग शोधा वर."

अर्धा तास त्यांनी माना मोडून घेतल्या. शेवटी मास्तरांनी स्वतःची दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली.

"आता बसा खाली. गुडघ्यावर."

जाळीखालच्या पाचोळ्यात तो पानं उलटून किडे वेचत होता. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल भडक, एवढीशी शेपटी. मास्तरांची इस्त्रीची पँट मातीत, आणि तोंड उघडंच. "झकास हो! तीन वर्षं आम्ही वरच बघतोय!"

वहीत माझं नाव आहे, दादा. आता रविवारी मी पुढं चालतो आणि मास्तर मागून डबा घेऊन येतात.

घरात गॅस आला, लाकडं कुठली? तरी रानाकडून शीळ आली की मी ओरडतोच, "लाकडां भितर घेवा!" बायको हसते आणि गॅलरीत वाळत घातलेले पापड आत घेते. आता हेच माझं घर. बागेचा वाटा मागायला मी येणार नाही. तूच मे महिन्यात ये, नवरंग दाखवतो. अट एकच. मास्तर बसले तसं तुलाही गुडघ्यावर बसावं लागेल.