मास्तरांच्या मापाच्या काठ्या

मास्तरांनी उभ्या जन्मात एकाही विजारीला इलास्टिक लावलं नाही. "इलास्टिक म्हणजे शिंप्याने हात टेकले," असं ते म्हणायचे. माणसाच्या कमरेला एक माप असतं, ते घेता आलं पाहिजे. एकदा एका लठ्ठ वकिलाने, "मास्तर, थोडं इलास्टिक टाका, जेवणानंतर बरं पडतं," असं सुचवून पाहिलं, तर मास्तर म्हणाले, "मग माप द्यायला जेवून या."

माप घेण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अंगाला टेप लागली की माणूस खोटा होतो, हे त्यांना फार लवकर कळलं होतं. पोट आत जातं, छाती बाहेर येते, मान सारसासारखी लांब होते, आणि मग कपडा त्या खोट्या माणसाला होतो, खऱ्याला होत नाही. म्हणून मास्तर टेप कमरेभोवती टाकायचे आणि अगदी सहज विचारायचे, "काय, सासूबाई अजून तुमच्याकडेच का?" गिऱ्हाईक सुस्कारा टाकायचं, पोट आपल्या जागी यायचं आणि मास्तर आकडा ओरडायचे. तो लिहून घ्यायची त्यांची बायको. काजं, बटणं, तुरपाई हेही तिच्याकडेच. खिडकीखालच्या स्टुलावर, मास्तरांच्या डाव्या हाताला बसून तिने अर्धं आयुष्य सुई ओढली.

पुढे मास्तरांचे डोळे अधू झाले. सुई एकीकडे आणि दोरा भलतीकडे जायला लागला, तेव्हा त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि दोघं घरी बसली. म्हणजे मास्तर बसले. बायको काही बसली नाही. बसून बसून तिचे गुडघे आखडले होते, डॉक्टर म्हणाले चाला, आणि ही बाई चालायला लागली ती थेट डोंगरावरच पोचली. गल्लीतल्या काही माणसांनी दर रविवारी डोंगर चढायचा नाद लावून घेतला होता, त्यांत ती सामील झाली. उजाडायच्या आत पाठीवर पिशवी, दोन हातांत दोन काठ्या, की निघाली. दुपार कलल्यावर लालबुंद तोंडाने परत यायची आणि हातपाय धुताना गुणगुणायची.

हे गुणगुणणं मास्तरांच्या जिव्हारी लागायचं. इतकी वर्षं हाताच्या अंतरावर बसलेली बाई, तिला सूर आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि रविवारी ते रिकामं घर त्यांना नुसतं खायला उठायचं.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "मीही येईन म्हणतो."

"कुठे?"

"डोंगरावर."

बायको भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तू जातेस तसा."

"अहो, जिना चढताना तुम्ही मधेच थांबून भिंतीचा रंग बघत उभे राहता."

"तो नीट लावलेला नाही म्हणून बघतो."

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली. हे 'बघू' मास्तर चांगलं ओळखत होते. उद्याच कपडा हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतः हेच सांगायचे.

पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. मंडळी लवकरच एका मोठ्या डोंगरावर दोन दिवसांसाठी जाणार होती. मंडळींचा म्होरक्या होता एक निवृत्त बस कंडक्टर. त्याने मास्तरांना सांगितलं, "आधी आमची टेकडी चढून उतरून दाखवा, मग मोठ्याचं बोलू." डोंगर मोठा की लहान याच्याशी मास्तरांना काही देणंघेणं नव्हतं. बायकोने रविवारी आपल्याला सोबत न्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे तोंडाने सांगण्यापेक्षा डोंगर चढणं सोपं, असा त्यांचा हिशेब.

काठ्या घ्यायच्या तर खरं म्हणजे बायकोलाच विचारायचं. पण जिला आपण काज करायला शिकवलं, तिला काठी कशी धरायची ते विचारायचं? मास्तर एकटेच डोंगर चढायच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानातली मुलगी चुणचुणीत होती. "काका, ही बघा, तीन भागांची आहे. हा खटका उघडला की लांबी बदलता येते, मिटला की पक्की. चढताना आखूड करायची, उतरताना लांब करायची."

"म्हणजे इलास्टिक," मास्तर म्हणाले.

"नाही हो काका, अ‍ॅल्युमिनियम."

"मला माझ्या मापाची, एकाच लांबीची दाखवा."

"तशी पण आहे, पण ती बागेत फिरायची. आजोबा लोक नेतात."

काकांचे आजोबा व्हायची पाळी आली तसे मास्तर मुकाट्याने तीन भागांच्या काठीकडे वळले. मनगटाच्या पट्ट्याची शिलाई उलटसुलट करून पाहिली, टाका ढिला आहे म्हणून एक जोडी परत केली आणि दुसरी पसंत केली.

"आता सैल उभे राहा, आणि कोपर काटकोनात," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी खिशातून स्वतःची टेप काढून तिच्या हातात दिली. "टेप तिरपी धरू नकोस." समोर आरसा होता. शेजारी दोघं जवान पोरं बूट घालून बघत होती, ती टकामका पाहायला लागली. आणि मास्तरांनी नकळत पोट आत घेतलं, छाती काढली, मान वर केली. टाचासुद्धा जरा उचलल्या असाव्यात. टेप ओळंब्यासारखी सरळ होती, आकडा बिनचूक होता, फक्त माणूस खोटा होता. आणि त्यांना सासूबाईंचं विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही काठ्या त्या मापाला लावल्या आणि खटके मिटले. पण मन मानेना. जी वस्तू लांब-आखूड होऊ शकते, ती ऐन वेळी होणार नाही कशावरून? त्यांनी बूट चिकटवायचा जालीम गोंद आणला, प्रत्येक सांध्यात तो भरला, वरून मेण लावलेला दोरा गच्च गुंडाळून गाठ मारली. मग कोटाच्या उरलेल्या कापडाची दोन पायांची खोळ शिवून काठ्या तिच्यात घातल्या.

बायकोने ती खोळ खुंटीवर पाहिली. "हे काय? करकोच्याला विजार शिवलीत की काय?"

"रविवारी बघ," मास्तर म्हणाले आणि खोळ पलंगाखाली सरकवली.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी कंडक्टरने शिट्टी फुंकली. "चला, मागचे पुढे सरका! मध्ये जागा आहे! इंजिन कुठे आहे?"

सगळ्यांत पुढे एक हात वर झाला. तो मास्तरांच्या बायकोचा होता.

"इंजिन?" मास्तरांनी शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"म्हणजे काय! त्याच तर ओढतात आम्हाला."

सपाटीवर मास्तरांचं बरं चाललं. कोपरं जरा वर जात होती, पण ते त्यांनी नव्या बुटांवर ढकललं. चढ लागला आणि रंग पालटला. काठी वरच्या पायरीवर टेकवावी तर मूठ कानाशी यायची. दोन्ही टेकवल्या की दोन्ही हात वर. तंग सदरा डोक्यातून काढताना मधेच अडकलेला माणूस दिसतो, तसे मास्तर दिसायला लागले. खांदे भरून आले, धाप लागली. पुढे बायकोची पाठ बघता बघता लहान होत गेली.

"मास्तर, काठ्या आखूड करा की!" कंडक्टर मागून म्हणाला.

"माझ्या मापाच्या आहेत."

"असतील. पण डोंगर कुठे तुमच्या मापाचा आहे?" त्याने खटका उघडून काठी दाबली. ढिम्म. "आणि हे काय, बँडेज? काठी आधीच पडली वाटतं! अहो, इंजिन मागे घ्या!"

बायको झपझप खाली आली. तिने दोऱ्यावरून बोट फिरवलं. ती गाठ तिच्या ओळखीची होती.

"मेणाचा दोरा?"

"हो."

"आणि आत?"

मास्तर बुटाची नाडी तपासायला लागले.

"गोंद घातलात?"

"थोडासा."

"अहो, हे सोडवायला आता लोहार लागेल!" आणि ती हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तिचं बघून सगळे हसले. आता ही आपल्याला घरी पाठवणार, असं मास्तरांना वाटलं. पण तिने स्वतःच्या एका काठीचा खटका उघडला. "उभे राहा."

मास्तर उभे राहिले. पोट आत, छाती बाहेर. बायकोने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं.

"पुतण्याने परवा त्या वकिलाच्या विजारीला इलास्टिक लावलं. तुम्हाला कळलं का?"

"काय!" मास्तरांचे खांदे पडले, पोट सुटलं, कोपर आपल्या जागी आलं.

"हं, आता," ती म्हणाली, काठीची लांबी लावली, चढासाठी आणखी थोडी कमी केली आणि खटका मिटला.

"खरं का गं ते?"

"नाही हो. पण माप खरं आलं. आणि पट्ट्यात हात खालून घाला, वरून नाही. पिशवी उचलायची नाहीये."

एक काठी त्यांना, एक तिला. मास्तरांच्या काठ्या त्या करकोच्याच्या विजारीत जाऊन पाठीवर बसल्या, आणि मास्तर सुटले. धापा टाकत का होईना, वर पोचले.

वर वारा होता, गरम चहा होता. डॉक्टरीणबाई पेला पुढे करत म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही काही आम्हाला नवे नाही. 'माप द्यायला जेवून या' ही गोष्ट तर कितीदा ऐकली असेल."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "म्हणजे तू मला दर रविवारी आणतेसच की इथे."

"गोष्टीतले मास्तर बरे असतात," ती चहा फुंकत म्हणाली. "सांगितलं की गप्प बसतात."

उतरायला लागले तेव्हा मास्तर तिच्या मागे होते. पहिला उतार बरा गेला. दुसऱ्या उतारावर ती हळू झाली. सुई टोचली की ही बाई ओरडत नाही, खालचा ओठ दातांत धरते, हे मास्तरांना माहीत होतं. आत्ता तिने ओठ धरला होता. एका काठीवर तिचा गुडघा उतार पेलत नव्हता.

"ही तुझी घे," मास्तरांनी काठी पुढे केली.

"आणि तुम्ही?"

"मला आहेत ना."

त्यांनी आपल्या दोन काठ्या बाहेर काढल्या, खालच्या दगडावर टेकवल्या आणि चकित झाले. चढताना कानाशी येणाऱ्या मुठी आता बरोबर कोपराच्या उंचीला होत्या. पाऊल टाकण्याआधी काठी खाली पोचत होती, अंगाचा भार घेत होती. मास्तर ऐटीत उतरायला लागले.

कंडक्टर बघतच राहिला. "वा मास्तर! तुम्ही उताराचं माप घेतलं होतं होय! आधी सांगायचं ना!"

तोंडाशी आलेला मोठेपणा कोण सोडतो? मास्तरांनी एकदा बायकोच्या पाठीकडे पाहिलं. "नाही हो," ते म्हणाले. "माप चुकलं होतं माझं."

पुढे चाललेली बायको थांबली. हे वाक्य तिने सगळ्या संसारात ऐकलं नव्हतं. ती दोन्ही काठ्या रोवून मागे वळली, त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग चालू लागली.

पायथ्याशी कंडक्टरने विचारलं, "काय इंजिन, मोठ्या डोंगराला हा डबा जोडायचा का?"

"मोठ्याला नको," ती म्हणाली.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. घराच्या वाटेवर ते दोन पावलं मागेच चालत होते. शेवटी तेच म्हणाले, "मी नको असेन तर तसं सांग."

"तुम्ही नको असं कुठे म्हटलं?" ती चालता चालता म्हणाली. "पण दुकानात मी तुमच्या डाव्या हाताला होते, घरी उजव्या हाताला असते. एक दिवस कोणाच्याच हाताला नसावं, असं वाटतं हो मला."

बोलायचं सुचत नसताना गप्प राहणं हेही त्यांना नवंच होतं, पण जमलं.

कोपऱ्यावर आल्यावर ती म्हणाली, "एखादा रविवार येत जा."

"कोणता?"

"ते मी सांगेन."

मंडळी मोठ्या डोंगरावर जाऊन आली. मास्तर घरीच राहिले, आणि ती परतल्यावर हकिगत ऐकताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. मधल्या काळात लोहाराने एक काठी सोडवून दिली. दुसरीपुढे त्यानेही हात टेकले. रविवार येत होते आणि जात होते. मास्तर विचारत नव्हते आणि ती सांगत नव्हती.

मग एका शनिवारी संध्याकाळी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, "उद्या पाण्याची मोठी बाटली घ्या. त्या बाजूला पाणी कुठे मिळत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. मोठी बाटली फळीवर अगदी समोरच होती. पण मास्तरांना ती बराच वेळ सापडेना.