वद्यातली हजामत

महिन्यातले पंधरा दिवस थाल्लुस न्हावी कात्री चालवायचा आणि उरलेले पंधरा दिवस चंद्रदेवी लूना त्याला विश्रांती द्यायची. हे त्याचं म्हणणं. त्याची बायको सेक्स्टिला त्याला सरळ आळस म्हणायची.

दुकान रोममध्ये अवेंटाइन टेकडीवर, लूनाच्या देवळाखालच्या उतारावर. शुद्धात केस कापले की दाट येतात आणि वद्यात कापले की टक्कल ठरलेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेंढ्यांची लोकरसुद्धा लोक चंद्र बघून कातरत, मग माणसाच्या डोक्याची काय कथा! वद्यात थाल्लुस फक्त दाढ्या करायचा आणि गावभरच्या चौकशा. स्वतःच्या डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. ‘वारा बाधतो,’ म्हणायचा. भर उन्हाळ्यात कुठला आलाय वारा!

अशाच एका वद्यातल्या दुपारी विबिउस पाववाला धापा टाकत आला. पन्नाशीचा विधुर. तरुणपणातलं एकच वैभव शिल्लक होतं, ते म्हणजे दाट कुरळे केस. आज त्यांचं रान माजलं होतं आणि वरून पीठ.

“काप,” तो म्हणाला.

“डोकं फिरलंय का? अमावास्येला अजून चार दिवस आहेत. शुद्धात ये.”

“तोवर पोम्पोनिया जाईल रे! भाऊ तिला ओस्तिया बंदरावर आपल्या घरी कायमचं न्यायला आलाय. उद्या सकाळी नाव सुटणार.”

पोम्पोनिया म्हणजे पलीकडच्या गल्लीत ऑलिव्ह विकणारी विधवा. तीन वर्षं विबिउस तिच्याकडून इतके ऑलिव्ह घेत होता, की त्याच्या कुत्र्यालाही वीट आला होता. लग्नाचं मात्र तोंडातून निघत नव्हतं.

“आज संध्याकाळी विचारतोच तिला,” विबिउस म्हणाला. “पण या अवतारात जाऊ?”

“आणि टक्कल पडलं की माझ्या नावानं बोंब मारशील.”

विबिउसनं केसांवरून हात फिरवला. “खरंच पडेल का रे?” आवाज अगदी बारीक झाला होता.

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेली सेक्स्टिला मान वर न करताच म्हणाली, “दाखव की त्याला. किती वर्षं लपवशील?”

थाल्लुसनं टोपी काढली. खालून घासलेल्या पातेल्यासारखं डोकं चमकलं.

“वारा बाधतो म्हणायचास ना!” विबिउस ओरडला.

“वारा कसला! हिच्या बापानं होकार दिला तो नेमका वद्यात. म्हातारा लहरी, शुद्धाची वाट बघत बसलो असतो तर फिरला असता. झिपऱ्या घेऊन त्याच्या दारात कसा जाऊ? कापले. दोन वर्षांत मैदान साफ.”

“मग पस्तावलास?”

थाल्लुस बायकोकडे बघत राहिला.

“सांग की,” ती म्हणाली. “आता का दातखीळ बसली?”

“रोज सकाळी डोक्याला गार लागतं तेव्हा देवीला शिव्या घालतो,” थाल्लुस म्हणाला. “मग आतून हिची बडबड सुरू होते आणि वाटतं, देवीनं फार स्वस्तात सोडलं आपल्याला. बस खाली.”

विबिउस बसला. डोळे घट्ट मिटून म्हणाला, “काप.”

दुसऱ्या दिवशी ओस्तियाची नाव भावाला एकट्यालाच घेऊन गेली.

दोन वर्षांनी विबिउसच्या डोक्यावरही टोपी आली. पोम्पोनियानं स्वतः शिवलेली, थाल्लुसच्या टोपीपेक्षा कितीतरी चांगली. हे सांगायला तो दर वद्यात दुकानात येतो. कापायला काही उरलेलं नाही, तरी येतो.