जीप, लिथियमची पेटी आणि रुईची माळ

हातातला चहा आधी खाली ठेवा बरं, नंतर ठसका लागला तर मला बोल लावाल. देवाधर्माच्या नादात माणूस केवढा शहाणपणा करू शकतो, ते माझ्याकडूनच ऐका. गेल्या पौषातली गोष्ट. अजून आठवली की मी एकटीच पदर तोंडाला लावते.

आमचं घर नायगावजवळ, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर. दारात एक जुनी जीप आहे, माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची. देवणीहून नवरी होऊन मी आले ती याच जीपमधून, आणि दादा गेल्यावर भावाने ती मला आणून दिली. पण म्हातारी झाली हो! आठवडाभर उभी राहिली की तिची बॅटरी बसलीच. मग ढकला. ढकलायला कोण? हे, मी आणि उतार.

आखाड्यावर लाइटचा भरवसा नाही, म्हणून यांनी गोठ्याच्या पत्र्यावर सोलरच्या दोन पाट्या बसवल्या, खाली वीज साठवायला लिथियमची पेटी ठेवली. मला समजावलं, ऊन पाट्यांत उतरतं, पाट्यांतून पेटी भरते, पेटीतून एका छोट्या चार्जरने जीपची बॅटरी भरते. मी म्हटलं, म्हणजे विहिरीतून हौदात आणि हौदातून घागरीत.

"हाव, कळलं की तुला," हे म्हणाले.

इथेच घात झाला. मला कळलंय, असं आम्हा दोघांनाही वाटलं!

काही महिने झकास गेले. मग पौषात सलग दोन-तीन दिवस आभाळ आलं, पेटी उतरली आणि ढकलूनही जीप गप्प. यांचा जीव आधीच विटलेला. म्हणाले, "लई झालं हिचं. रविवारी भंगारवाल्याला बोलावून राहिलो. तोवर सुरू झाली तर झाली."

दादांची जीप भंगारात? मी ताट बाजूला सारलं. पण पौष म्हणजे सूर्यनारायणाचा महिना. ज्याच्या जिवावर जीप चालते त्यालाच साकडं घालू म्हटलं. सोमवारी नवस बोलले. जीप सुरू होईपर्यंत चहा सोडला आणि रोज सूर्याची पूजा. चहा सोडला! माझ्यासारखीने चहा सोडणं म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच.

आता पूजा कुठे मांडायची? सूर्य पाट्यांत उतरतो, हे तर मला समजावून झालेलं! यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे वर चढत नाहीत. मी गोठ्यालगतच्या हौदाच्या कठड्यावरून चढले, दोन्ही पाट्यांना हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढली आणि दह्यात कालवलेल्या अक्षता लावल्या. अशा गोड दिसत होत्या म्हणून सांगू!

पेटीवर किती भरली त्याचा आकडा दिसतो. आभाळ निवळलं होतं, तरी तो मात्र उतरला. सेवा कमी पडली असेल, दुसरं काय? मंगळवारी जास्वंदी वाहिल्या. बुधवारी रुईच्या पानांच्या माळा. सूर्याला रुई प्रिय, आणि पानं कशी, तळहाताएवढी रुंद! आकडा आणखी खाली. हे खाली बसून वायरी सोडत होते, जोडत होते, लिथियमच्या सात पिढ्या उद्धरत होते. मी चहाविना डोकं धरून बसलेली.

आणि गुरुवारी दुपारी चमत्कार! आकडा चढला.

धावत वर गेले, तर आमची चंद्री शेळी कडब्याच्या गंजीवरून पत्र्यावर आलेली. दोन्ही माळा खाऊन, जास्वंदी खाऊन, दही-अक्षता चाटूनपुसून पाट्या कशा लख्ख केलेल्या. यावरून एखाद्या शहाण्या बाईने काय समजायचं? मी समजले, कालच्या माळा सूर्याला पावल्या! चंद्रीला दोन धपाटे घातले, देवाची माफी मागितली आणि दुप्पट जाड माळा वाहिल्या. शेळीचं तोंड पुन्हा लागू नये म्हणून वरून माझं लाल पातळ पांघरलं आणि कडेने विटा ठेवल्या.

शुक्रवारी पेटीने डोळेच मिटले.

शनिवारी सकाळी यांनी शेवटचा उपाय म्हणून नायगावच्या युसूफभाई मिस्त्रींना आणलं. त्यांनी खाली सगळं तपासलं. वायरी ठीक, चार्जर ठीक. मग ते पत्र्यावर चढले. मला आनंदच झाला हो, चला, कुणीतरी पूजा बघणार! मग त्यांनी मला हळूच बोलावलं. मी हौदावर चढले, तर पातळाचा कोपरा हातात धरून ते बसलेले.

"भाभी, ये क्या है?"

"पूजा हाय, भाई. सूर्याची."

"पूजा करा की, कोण नको म्हणतंय? पर उसकी आँख पे पातळ कायको?"

मी पानांकडे बघितलं, पातळाकडे बघितलं. हळूच विचारलं, दोन-चार पानांनी एवढं होतं का?

"एक पान पडलं तरी पाटी सुस्त होते. तुम्ही तर पांघरूण घालून झोपवली."

हौदात उडी घ्यावीशी वाटली. रिकामा होता, नाहीतर घेतलीही असती.

पण युसूफभाई भला माणूस. माळा पिशवीत कोंबल्या आणि यांना एवढंच सांगितलं, की पाट्यांवर कचरा बसला होता, पुसला. मग मी ओलं फडकं घेऊन पाट्या अशा घासल्या की त्यात स्वतःचं तोंड दिसलं. बघवेना.

शनिवारचं उरलेलं ऊन मिळालं, रविवारचं सकाळचं मिळालं. दहाला भंगारवाला आला आणि जीपची टायरं दाबून बघू लागला. हे चावी घेऊन बसले. मी तुळशीपाशी हात जोडून उभी. एकदा खर्र. पुन्हा खर्र. तिसऱ्यांदा जीप अशी गरजली, की भंगारवाला मागे सरकता सरकता चंद्रीवर पडत होता!

यांनी शेजारच्या सीटवर थाप मारली. "बस. एक चक्कर मारून येऊ."

"आधी चहा," मी म्हटलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावभर सांगत सुटल्या, सुनेचा नवस सूर्याला पावला. मी कुठल्या तोंडाने खरं सांगू? पुढच्या रविवारी उद्यापन केलं. नैवेद्याचं पान घेऊन गोठ्यात गेले. गाय मान पुढे करून उभी, आणि मी पहिली पुरणपोळी धरली चंद्रीपुढे.

"अगं, गाईला सोडून शेळीला?" आत्याबाई मागेच उभ्या होत्या.

"या नवसाचा विधीच तसा हाय, आत्याबाई."

परवा शेजारच्या दोघी तो विधी विचारायला आल्या. मी म्हटलं, बायांनो, भक्ती थोडी कमी असली तरी चालतंय. घरी एक शेळी मात्र पाहिजे.